गच्चीवरचं ऊन, खांबावरची तार

आमच्या गच्चीवर सोलर बसल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण काही ना काही विचारतो. "आता तुम्हाला बिलच येत नसेल ना?" हा पहिला प्रश्न. "बॅटरी कुठे ठेवलीत?" हा दुसरा. आणि तिसरा, जो फार थोडे जण विचारतात, तो म्हणजे "लाईट गेली तर काय होतं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जिन्यात उभ्या उभ्या देता येतात. तिसऱ्यासाठी मात्र माणसाला आत बोलावून बसवावं लागतं, चहा टाकावा लागतो. भाचेमंडळींनीही फोनवर तेच तेच विचारून झालंय. म्हटलं, एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं.

आधीच सांगते, मी आयुष्यभर भूगोल आणि मराठी शिकवलं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत माझं पाऊल फक्त पर्यवेक्षणाला पडलं. पण चाळीस मुलांपुढे उभं राहून एक गोष्ट पक्की कळली होती. जे आपल्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ते आपल्याला कळलेलं नसतं. त्यामुळे दोन लाखांच्या घरातला खर्च करण्याआधी मी ठरवलं, की हे प्रकरण मला सातवीच्या वर्गाला शिकवता येईल इतपत समजल्याशिवाय सही करायची नाही. शिवाय आमच्या घरात त्यामागे एक निकडीचं कारण होतं. यांना फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. रात्रभर ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि आता दुपारच्या झोपेतही लावावं लागतं. साताऱ्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. वळीव सुरू झाला की कुठेतरी फांदी पडते आणि लाईट जाते. म्हणजे "लाईट गेली तर?" हा प्रश्न आमच्यासाठी पंख्याचा नव्हता, श्वासाचा होता.

तर सुरुवात पॅनेलपासून.

उजेड पडला की काही पदार्थांतून वीज वाहते, हे फ्रान्समध्ये एडमंड बेकरेल यांनी १८३९ साली पाहिलं होतं. पण घरात वापरता येईल असा सिलिकॉनचा सौरघट व्हायला १९५४ साल उजाडलं. तो अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झाला. आत काय होतं ते मी असं समजून घेतलं. सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन वर्गात गप्प बसलेल्या मुलांसारखे असतात. उन्हाचा कण येऊन धडकला की घंटा झाल्यासारखी मुलं उठतात. पण नुसती उठून वर्गभर हुंदडली तर उपयोग नाही. सौरघटात दोन वेगळ्या जातीच्या सिलिकॉनचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि त्यांच्या सांध्यामुळे मुलांना बाहेर पडायला एकच दार उरतं. सगळी एकाच दिशेनं धावतात, आणि ती धाव म्हणजेच वीज. आत काही फिरत नाही, काही जळत नाही, आवाज नाही, धूर नाही. म्हणूनच पॅनेल २५-२५ वर्षं टिकतात.

आता थोडा हिशोब. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट इतकी ऊर्जा पडते. आजकालची पॅनेलं त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याची वीज करतात. एक किलोवॅटच्या पॅनेलना ८० ते १०० चौरस फूट जागा लागते, आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर त्यातून दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. युनिट म्हणजे १,००० वॅटचं उपकरण एक तास चालवायला लागणारी वीज. आम्ही तीन किलोवॅट बसवलं. म्हणजे चांगल्या महिन्यात साडेतीनशे युनिटच्या आसपास. पावसाळ्यात ते दोनशेवर येतं.

पॅनेलं दक्षिणेकडे कलती का ठेवतात, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही! सातारा उत्तर गोलार्धात, साडेसतरा-पावणेअठरा अंश अक्षांशावर. वर्षातला बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो थोडा उत्तरेला असतो. शाळेत हे मी गोल आणि मेणबत्ती घेऊन शिकवायचे. गच्चीवरच्या लोखंडी सांगाड्याचा कल पाहिला तेव्हा वाटलं, माझा भूगोलाचा धडाच कुणीतरी वेल्डिंग करून उभा केलाय.

एक गंमत मात्र नवी कळली. सगळ्यांना वाटतं, मे महिन्यात सर्वांत जास्त वीज होत असेल. पण सौरघटाला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. तापमान वाढलं की त्याचं काम मंदावतं. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ, बेताच्या उन्हाचे दिवस मेच्या भट्टीला सहज गाठतात. आणि सावली तर अजिबात चालत नाही. पॅनेलं एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. माळेतल्या एकावर सावली पडली तरी सगळी माळ ढिली पडू शकते. आमच्या शेजारच्या आंब्याची सावली सकाळी नऊपर्यंत गच्चीच्या पूर्व कोपऱ्यावर येते. शेजारी भले, म्हणाले, "वहिनी, एक मोठी फांदी उतरवतो." मी नको म्हटलं. पॅनेलं पश्चिमेकडे सरकवली, पाण्याची टाकी जरा हलवली. सकाळचं थोडं ऊन गेलं, आंबा राहिला.

आता मधला दुवा. पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेनं वाहते. घरातली, खांबावरून येणारी वीज मात्र सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. हे रूपांतर करतो तो इन्व्हर्टर. भिंतीवर लावलेला एक पेटारा, वरून अगदी साधा. लाईट गेल्यावर चालणाऱ्या आपल्या घरगुती बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी त्याची गल्लत करू नका. इथेच निम्मे लोक अडखळतात. या इन्व्हर्टरला बॅटरी नसते. त्याचं काम वेगळं आहे. तो खांबावरच्या तारेतून येणारा ५० चा ठेका ऐकतो, आणि अगदी त्या ठेक्यावर, एका क्षणाचाही फरक न करता, आपली वीज त्यात मिसळतो.

आमच्याकडच्या शाळांतल्या बाळगोपाळांना लेझीम खेळताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. हलगीवाला ठेका धरतो, आणि शंभर मुलं त्या ठेक्यावर लेझीम हलवतात. नवीन मूल मध्येच रांगेत शिरलं तर ते आधी ठेका ऐकतं, मग हात हलवतं. आमचा इन्व्हर्टर म्हणजे रांगेत शिरलेलं ते नवीन मूल. आणि हलगी थांबली की? लेझीम थांबतं. थांबायलाच हवं.

आलं ना उत्तर? लाईट गेली की आमचं सोलरही बंद पडतं. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेलं चमकत असताना खाली पंखा बंद! हे ऐकून माणसं माझ्याकडे अशी बघतात की जणू मला कुणीतरी फसवलंय.

माहिती काढायला सुरुवात केली तेव्हा मी प्रत्येक विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारत असे. एकानं हसून उडवून लावलं, "मॅडम, आता लाईट जातेच कुठे?" मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्यानं सरळ सांगितलं, "बंद पडणार." मी विचारलं, "का?" तर म्हणाला, "नियम आहे." नियम आहे हे उत्तर मी मुलांनाही कधी दिलं नाही, मग स्वतःला कसं चालावं?

का, ते मला आमच्या भागातल्या वायरमननं सांगितलं. माझा जुना विद्यार्थी. भूगोलात बेताचाच, पण झाडावर चढण्यात पहिला! रस्त्यात भेटला तेव्हा थांबवून विचारलं. तो म्हणाला, "बाई, खांबावर चढायच्या आधी आम्ही डीपीवरून लाईन बंद करतो. तार मेली असं बघून मग हात घालतो. आता समजा आम्ही लाईन बंद केली, आणि तुमच्या गच्चीवरून करंट येतच राहिला, तर?"

मी गप्पच झाले. मग त्यानं आणखी एक सांगितलं. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचं काम ११,००० व्होल्टची वीज घराघरांत चालेल इतकी खाली आणणं. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. घराकडून वीज उलटी शिरली तर तोच ट्रान्सफॉर्मर तिला चढवून पलीकडच्या तारेवर हजारो व्होल्ट करून ठेवतो. म्हणजे आमच्या गल्लीतलं ऊन दोन किलोमीटरवरच्या खांबावर चढलेल्या माणसाला मारू शकतं. म्हणून ग्रीडला जोडलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरला हे शिकवलेलं असतं, की तारेतला ठेका थांबला की दोन सेकंदांच्या आत आपण तारेपासून बाजूला व्हायचं. वीज परत आली तरी लगेच उडी घ्यायची नाही. थोडा वेळ ठेका नीट चाललाय ना ते पाहायचं, मग रांगेत शिरायचं.

मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजपुरवठा कोसळला होता, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, आठवतं? त्या वेळी ज्यांच्या छतावर नुसतं ग्रीडला जोडलेलं सोलर होतं, त्यांनाही याच नियमानं थांबावं लागलं. ऊन असून नसल्यासारखं.

ही अडचण कळल्यावर आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे बॅटरीला जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर घ्यायचा. लाईट गेली की तो खांबाशी संबंध तोडतो, आणि घरापुरता आपला ठेका आपणच धरतो. चांगली सोय आहे, पण खर्च बराच वाढतो. दुसरी वाट म्हणजे सोलर ग्रीडपुरतंच ठेवायचं, आणि ज्याच्यावाचून खरोखर अडतं त्यापुरती वेगळी बॅटरी ठेवायची. मी वही घेऊन बसले. यांचं मशीन साधारण ३५० वॅटचं. आठ तास चाललं तर २.८ युनिट. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची एक बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते, पण ती पार तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, आणि थोडी वीज रूपांतरातही जाते. म्हणजे एका बॅटरीवर सुरक्षितपणे तीन तासांच्या आसपास, दोन बॅटऱ्यांवर सहा तास. आमच्याकडे लाईट क्वचितच त्याहून जास्त वेळ जाते. म्हणून दोन बॅटऱ्या आणि शुद्ध साइन वेव्हचा घरगुती इन्व्हर्टर घेतला. औषधोपचाराच्या मशीनला तसाच लागतो, हे डॉक्टरांकडच्या तंत्रज्ञानं बजावलं होतं. त्यावर यांचं मशीन, एक दिवा, एक पंखा. बाकी काही नाही, टीव्हीसुद्धा नाही! त्याउपर एक छोटा ऑक्सिजन सिलिंडर भरून कोपऱ्यात उभा आहे. त्याला वीजच लागत नाही.

ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांना कळकळीनं सांगते. ग्रीडला जोडलेलं सोलर बिलावरचा उपाय आहे, अंधारावरचा नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

आता बॅटरी नाही, तर दुपारची वीज जाते कुठे? पुष्कळांची समजूत अशी, की ती महावितरणकडे साठून राहते आणि रात्री आपल्याला परत मिळते. बँकेत पैसे ठेवावेत तशी. हिशोबापुरतं ते खरं आहे, विजेपुरतं नाही. आमच्या गच्चीवर दुपारी बाराला झालेली वीज आमच्या घरात लागली नाही, तर ती त्याच क्षणी जवळच्या कुठल्यातरी घरात वापरली जाते. आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. दुपारी तिचा आवाज आला की मला वाटतं, आमच्या उन्हावर कुणाची तरी ज्वारी दळली जातेय.

आणि रात्री आमच्याकडे येते ती वेगळीच वीज असते. चंद्रपूरच्या कोळशाची असेल, कोयनेच्या पाण्याची असेल, वेगळी करून सांगता येत नाही. कोयना तर आमच्याच जिल्ह्यातली. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं आणि जनित्रं फिरवतं. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅटची क्षमता. संध्याकाळी सूर्य मावळतो, गच्च्यांवरची पॅनेलं झोपतात, आणि नेमके त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर लागतात. तेव्हा पटकन वाढवता येते ती पाण्याची वीज. म्हणजे आमच्या घरात बॅटरी नसली तरी डोंगरापलीकडे शिवसागर जलाशय आहे. त्या जलाशयासाठी कोयनाकाठची गावंच्या गावं उठली, माणसं लांब लांब नेऊन वसवली गेली. माझ्या वर्गात अशा घरांतली मुलं होती. "तुमचं गाव कुठलं?" म्हटलं की ती क्षणभर थांबायची. त्यामुळे "आम्ही आमची वीज आम्हीच करतो" असं कुणी अभिमानानं म्हणालं की मला ते जरा जड जातं. दिवसा आपण करतो, हे खरं. रात्री मात्र आपण दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर असतो.

ही तार किती लांब पोचते तेही पाहण्यासारखं आहे. जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखेला उत्तर भारतातलं जाळं लागोपाठ दोन दिवस कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही गेला. ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली होती. दक्षिणेकडचं जाळं तेव्हा वेगळ्या ठेक्यावर चालत असे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि सगळा देश एकाच ठेक्यावर आला. आमच्या सोलापूरच्या दारातून, बरं का! ठेका म्हणजे तोच, सेकंदाला ५०. वापर एकदम वाढला की तो किंचित उतरतो, वापर घटला की चढतो. तो ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राहावा म्हणून नियंत्रण कक्षांतली माणसं रात्रंदिवस बसलेली असतात. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता आपण नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावल्या होत्या ना? तेव्हा देशाची मागणी ३१ हजार मेगावॅटहून अधिक उतरली, आणि पुन्हा चढली. ते सांभाळण्यात जलविद्युत केंद्रांचा मोठा हात होता. आपण गॅलरीत पणती धरून उभे, आणि तिकडे कुणाच्या तरी हाताला घाम!

बिलाचं आता. आमच्या जुन्या मीटरच्या जागी नेट मीटर बसला. तो दोन आकडे मोजतो. खांबावरून घरात किती आली, आणि घरातून खांबाकडे किती गेली. एका महिन्याचं उदाहरण देते. गच्चीवर ३५० युनिट झाली. त्यातली ९० आम्ही दिवसा घरातच वापरली, ती मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. उरलेली २६० बाहेर गेली. रात्री आणि ढगाळ वेळी २१० आत आली. म्हणजे ५० युनिट आमच्या खात्यावर जमा, पुढच्या महिन्यात वळती होणार. उन्हाळ्याआधी जमवलेली युनिटं मात्र कायम राहत नाहीत. दरवर्षी ३१ मार्चला खातं बंद होतं, आणि शिल्लक युनिटांचे पैसे जे मिळतात ते आपण विजेला देतो त्या दराच्या मानानं कमी असतात. म्हणून आमचा पुतण्या "काकू, पाच किलोवॅट बसवा, कमाई होईल" म्हणत होता, त्याला मी वर्षाची बारा बिलं काढून दाखवली. आपल्याला जेवढं लागतं तेवढंच पेरावं. मीठ फुकट मिळालं म्हणून कुणी भाजीत जास्त टाकत नाही.

आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर : बिल येतं. शून्य युनिटांचं असलं तरी स्थिर आकार असतोच. मला तो भरताना वाईट वाटत नाही. खांब, तार, डीपी आणि आमचा वायरमन हे सगळं त्यातूनच तर उभं असतं.

अनुदानाचं विचारतात. केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. आम्हाला ते थेट बँक खात्यात आलं. त्यासाठी पॅनेलं भारतात तयार झालेल्या सौरघटांची लागतात, आणि बसवणारा नोंदणी केलेला लागतो. आमच्याच जिल्ह्यातली, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. छोटीशी वाडी, पण घरोघरी पॅनेलं. नावात 'मुफ्त' असलं तरी फुकट काही नाही. वरचे पैसे आपलेच, आणि महिन्यातून दोनदा पहाटे गच्चीवर जाऊन धूळ धुण्याचं कामही आपलंच. पहाटे अशासाठी, की तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नसतं.

आता एक प्रसंग सांगते आणि थांबते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, दुपारी तीनच्या सुमाराला जोराचा वळीव झाला. वीस मिनिटं नुसतं झोडपलं. लाईट गेली. यांचं मशीन टीक करून बॅटरीवर गेलं, त्यांची झोपही मोडली नाही. पाऊस जसा आला तसा गेला, आणि असं लख्ख ऊन पडलं की गच्चीवरची धुतलेली पॅनेलं आरशासारखी चमकायला लागली. खाली फ्रीज बंद, फॅन बंद, सोलरच्या इन्व्हर्टरवर शून्य. शेजारच्या सूनबाई आल्या. त्यांच्याकडेही सोलर आहे. म्हणाल्या, "काकू, काय उपयोग हो याचा? इतकं ऊन आहे आणि सगळं वाया!"

मी त्यांना गॅलरीत घेऊन गेले. गल्लीच्या टोकाला, तुटलेल्या फांदीशेजारच्या खांबावर आमचा वायरमन चढला होता. कमरेला पट्टा, ओले बूट, आणि दोन्ही हात तारेवर. आमच्या गल्लीत आता पाच गच्च्यांवर सोलर आहे. त्या क्षणी पाचही गच्च्यांवर ऊन होतं, आणि पाचही इन्व्हर्टर गप्प होते.

सूनबाई काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघी तो खाली उतरेपर्यंत तिथेच उभ्या राहिलो.